लिंक भरली का, मॅडम?

बीड जिल्ह्यात शाळेचं वर्ष दोनदा सुरू होतं. पहिल्यांदा जूनमध्ये, सरकारी रीतीनं: नव्या पोरांच्या हातात गुलाब, कपाळाला कुंकू, बैलगाडीतून मिरवणूक, सरपंचांचं भाषण आणि या सगळ्याचा फोटो केंद्राच्या ग्रुपवर. दुसऱ्यांदा मार्च-एप्रिलमध्ये, साखर कारखान्यांचे पट्टे पडून, म्हणजे हंगाम संपून, ऊसतोडीच्या टोळ्या गावात उतरल्या की. मधे दसरा-दिवाळीच्या सुमाराला ते एकदा संपूनही जातं. गावात ट्रॅक्टर येतात. मागच्या ट्रॉल्यांत भांडीकुंडी, ज्वारीची पोती, शेळी, खुराड्यातल्या कोंबड्या आणि सगळ्यांत वर अर्धी चौथी. शाळेपुढून जाताना पोरं ओरडतात, "म्याडम, येतो!" मॅडम हात हलवतात आणि आत येऊन वर्ग मोजतात.

धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार. डोंगराळ मुलूख, पाऊस बेताचा, जमीन मुरमाड. त्यामुळे दरवर्षी लाखो माणसं सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुण्याकडं आणि थेट कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली आणि बहुतेक वेळा आधीच खर्चलेली. आईबाप गेल्यावर लेकरानं कुठं राहायचं, या प्रश्नावर डी.एड.च्या पुस्तकात धडा नाही. कागदावर मात्र उत्तरांची चंगळ आहे. कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. पण शाळा कारखान्यावर, आईबाप फडात आणि पोरगं कोपीवर धाकट्याला सांभाळत, असा तिघांचा तीन ठिकाणी मुक्काम. मग हंगामी वसतिगृह आलं: लेकरू गावात आजीपाशी राहील, दोन वेळचं शाळेत जेवेल. आजी आणि शाळा दोन्ही धड असतील तिथं हे खरंच चालतं. मग शिक्षण हमी कार्ड. हे कार्ड घेऊन लेकरानं जाईल त्या गावच्या शाळेत हजर व्हायचं. टोळीचा मुक्काम फड संपेल तसा हलतो आणि कार्ड पत्र्याच्या पेटीत तळाशी असतं, तरी हमी ती हमीच.

हे सगळं मला माहीत असायचं कारण, मी शिक्षिकेचा नवरा आहे. तसं माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे, पण ते दिवसा. शिक्षिकेचा नवरा हे आमच्याकडचं कायम विनाअनुदानित पद आहे. त्याला मान्यता नाही, वेतनश्रेणी नाही, बदली तर नाहीच नाही. काम संध्याकाळी सातनंतर सुरू होतं. मॅडम (घरातही आम्ही मॅडमच म्हणतो, सवयीचा भाग) पोळ्या लाटत असतात आणि त्यांचा फोन माझ्या हातात असतो. "अहो, लिंक आली का बघा." लिंक आलेली असतेच. वृक्षारोपणाची लिंक, वाचन उपक्रमाची लिंक, तंबाखूमुक्त शाळेची लिंक, प्रशिक्षण आवडलं का याची लिंक, आणि मागच्या लिंका न भरल्याचं कारण विचारणारी लिंक. खाली मजकूर ठरलेला: 'अत्यंत तातडीचे. आजच. शंभर टक्के.' त्याखाली केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांचे अंगठे. जिल्ह्यात निरक्षरता संपवायला निघालेल्या माणसांना दिवसातून इतक्या वेळा अंगठा उठवावा लागतो, हे कुणाला खटकत नाही.

सगळ्यांत बिकट काम आधारचं. आमच्या वडिलांच्या पिढीत गुरुजी समस्त गावाला १ जूनला जन्माला घालायचे, कारण शाळेत नाव घालायला तीच तारीख सोयीची. आता आधार केंद्रावरचा पोरगा, जन्मदाखला नसला की, १ जानेवारी टाकून मोकळा होतो. रजिस्टरला एक तारीख, आधारला दुसरी. रजिस्टरला 'ज्ञानेश्वर', आधारला 'दन्यानेशवर'. पोर्टल म्हणतं, जुळत नाही. आणि पोर्टलवर जुळलेल्या मुलांवरच संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षक किती हा हिशेब. म्हणजे पहिल्या रांगेत बसून नाक पुसत असलेलं पोरगं इनव्हॅलिड. त्याला भूक लागते, लघवीला लागते, मागच्याला ते चिमटे काढतं, पण ते आहे याला पुरावा नाही. २०११ साली ३ ते ५ ऑक्टोबरला राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा पोरांच्या बोटाला मतदानाची शाई लावून मोजलं होतं. ती पद्धत त्या मानानं माणसात होती. पोरगं समोर दिसलं, बोट धरलं, शाई लावली, मोजलं. शाईला त्याचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं हे विचारावं लागत नव्हतं.

आता शिकवण्याकडं येतो. मॅडमही अशाच येतात, बाकी सगळं उरकून.

शिकवण्याच्या पद्धती आमच्याकडं दर पाच-सात वर्षांनी बदलतात. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आमचे आजोबा उर्दूत शिकले, आणि घरी येऊन मराठीत विसरले. पुढं १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम आली. नंतर किमान अध्ययन क्षमता आल्या. मग सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, ज्यात परीक्षा बंद होऊन कायम परीक्षा सुरू झाली. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि ज्ञानरचनावाद गावोगाव पोचला: मूल स्वतःचं ज्ञान स्वतः रचतं, शिक्षक फक्त सुलभक. यात हसण्यासारखं काही नव्हतं. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी मन लावून काम केलं होतं, पोरं खरोखर वाचायला लागली होती. मग राज्यभरातले शिक्षक जीपा करून कुमठं बघायला निघाले. आमच्याकडचेही गेले. तिथं त्यांनी पोरं बघितली, शिक्षकांची चिकाटी बघितली, आणि फरशीवर रंगवलेली अक्षरं बघितली. चिकाटी आणणं अवघड होतं. ऑइलपेंट तालुक्याला मिळत होता.

महिन्याभरात जिल्ह्यातल्या शहाबादी फरश्या रंगल्या. वर्तुळं, चौकोन, संख्यारेषा, अक्षरांच्या आगगाड्या. पैसे लोकवर्गणीतून, म्हणजे लोकांची वर्गणी मास्तरांच्या खिशातून. चिंचोके, गोट्या, काड्यांचे दशक गठ्ठे, बाटल्यांची बुचं असं साहित्य जमलं. मॅडमनी मनापासून केलं ते. काड्यांच्या गठ्ठ्यांवर हातच्याची वजाबाकी पोरांना अशी समजली की घरी जाऊन ती आज्ज्यांना शिकवू लागली. फरशीचा रंग मात्र दुसऱ्या पावसाळ्यात गेला, आणि तोवर 'डिजिटल शाळा' आली होती. भिंतीवर टीव्ही लागला. शाळेचं वीजबिल थकलं, जोडणी तुटली. टीव्ही अजून भिंतीवर आहे. त्याच्या काळ्या काचेत पोरी वेण्या नीट करतात.

हल्ली 'निपुण' आहे. २०२१ पासून. तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान साठ शब्द, तेही समजून, वाचायला हवेत. अपेक्षा रास्त आहे, चौथीतल्या पोराला जोडाक्षर येत नसेल तर त्यानं पुढं काय करावं? पण मोजणीचा प्रकार मी एकदा शाळेच्या ओट्यावरून बघितला. मॅडमच्या एका हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात उतारा. समोर एक पोरगं, नुकतंच आईबापासंगं कर्नाटकातून परतलेलं, हाताच्या बोटांना पाचटाचे ओरखडे. उताऱ्यात आलं, 'रानात हिरवागार ऊस डोलत होता.' पोरगं थांबलं.

"म्याडम, कोणता ऊस व्हता?"

"तू वाच पुढं."

"न्हाई, छ्याऐंशी-बत्तीस व्हता का दोनशे पासष्ट?"

"बाळा, टाइम चाललाय."

"आन् हिरवागार म्हंजी अजून तोडीला आलेला न्हाई. मंग तिथं टोळी कामून आली?" (उताऱ्यात खाली काही मजूर होते.)

मिनिट संपलं. शब्द भरले एकोणतीस. मी बियाणं विकतो, मला त्याचा प्रश्न रास्त वाटला. उतारा लिहिणाऱ्यानं ऊस लांबून बघितलेला होता. समजपूर्वक वाचन याहून वेगळं काय असतं मला कळलं नाही, पण ॲपमध्ये समजेचा चौकोन वेगाच्या चौकोनाच्या खाली आहे. वरचा भरल्याशिवाय खालचा उघडत नाही.

गणिताचंही तेच. पाचवीच्या एका वर्गात वजाबाकी चालली होती: एकानं पन्नास हजार कर्ज घेतलं, बत्तीस हजार फेडलं, तर किती राहिलं? वर्गातली हुशार, कुठं न गेलेली पोरं वहीत हातचे घेत बसली. मागून एक पोरगी म्हणाली, "अठरा हजार अंगावर." तोंडी, क्षणात. आणि पुढं विचारती झाली, "पण म्याडम, मुकादम त्येला पुढल्या साली ते तोडून देतो का व्याजानं लावतो, ते लिव्हलं न्हाई." पाठ्यपुस्तकातल्या गणितात मुकादम नसतो, ही पाठ्यपुस्तकाची मोठी सोय आहे. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टक्केवारीचा पाठ यायच्या आतच चौतीस टक्के म्हणजे किती, हे आमच्या गावच्या बऱ्याच पोरांना कळलं होतं. मात्र ती त्या वेळी वर्गात नव्हती.

आणि भाषा! पहिलीपासून हिंदी आणायचा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ ला निघाला, राज्यभर रान पेटलं, जूनच्या २९ तारखेला तो मागं घेतला गेला. चर्चासत्रांत तज्ज्ञ विचारत होते, इतक्या कोवळ्या वयात लेकराला तीन भाषा झेपतील का? आमच्या तांड्यावरचं लेकरू घरी गोरबोली बोलतं, शाळेत मराठी, आणि बेळगाव-बागलकोटकडचा हंगाम करून आलं की दुकानात मला "ओंदु, एरडु, मूरु" करून गोळ्या मोजून मागतं. त्रिभाषा सूत्र असं ट्रॉलीत बसून परस्पर राबवलं जातं. त्याची लिंक अजून आलेली नाही.

मधे एकदा सबंध राज्याला एक गणवेश करायचं ठरलं. २०२४ मध्ये कापड कापून आलं, बचतगटांच्या बायांनी शिवायचं, सगळ्या मापांत. झेंडावंदन होऊन गेलं तरी कित्येक ठिकाणी गणवेश पोचला नाही, आणि पोचला तेव्हा दुसरीच्या पोराची विजार त्याच्या काखेपर्यंत आली. डिसेंबरात निर्णय फिरवून कपडे पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती दिले. पुस्तकांतच वहीची कोरी पानं घालायचा प्रयोगही दोन वर्षं चालला. दप्तर हलकं व्हावं, पोरांनी तिथंच टिपणं घ्यावीत, असा हेतू. पण 'पुस्तकात रेघ ओढली तर याद राख' हे आम्ही पिढ्यान् पिढ्या इतकं ठोकून बसवलंय की पोरांनी ती पानं जपून कोरी ठेवली. ज्यांनी नाही ठेवली त्यांच्या होड्या चांगल्या झाल्या.

खिचडीचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण या शाळांत रोज वेळेवर आणि पोटभर होणारी गोष्ट तीच. पहिली ते पाचवीला माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला दीडशे. रोज दुपारी किती जेवली हा आकडा ॲपवर. मॅडमचं जिल्हा परिषदेचं गणित इतकं पक्कं झालंय की घरी पाहुणे आले तरी त्या माणशी ग्रॅम लावतात. रिकाम्या बारदान्याचाही हिशेब असतो. २०२४ च्या जूनमध्ये आहारात विविधता यावी म्हणून पंधरा पदार्थांची यादी आली: मटार पुलाव, सोयाबीन पुलाव, चवळी खिचडी, नाचणीचं सत्त्व वगैरे. स्वयंपाकाच्या मावशींना मॅडमनी ती मोठ्यानं वाचून दाखवली. मावशींनी कढईतला झारा न थांबवता ऐकली आणि म्हणाल्या, "समदा भातच हाय की ह्यो. नावं घ्या तुमी काय घ्यायची ती." आणि आमच्या मुरमाड गावात पावसाळ्यात मटार कुठून आणायचा? तर त्या दिवशी जो भात शिजेल त्याला यादीतलं जवळचं नाव देतात. पोरं त्याला खिचडीच म्हणतात आणि दोनदा घेतात. नाचणीचं सत्त्व पहिल्यांदा केलं त्या दिवशी गावची कुत्री शाळेकडं वळली होती.

दहावी-बारावीवर फार लिहीत नाही, जिल्ह्याचं नाव आधीच पुष्कळ झालंय. एवढंच सांगतो की सुलभक ही कल्पना आमच्याकडं सरकारच्या आधीपासून रुजलेली होती. तो पेपरच्या दिवशी पाइपावरून चढतो. दरवर्षी कॉपीमुक्त अभियान येतं, भरारी पथकं येतात, केंद्रावरचे पर्यवेक्षक बदलतात, आकाशात ड्रोन फिरतात. एका मामांचं म्हणणं मला पटण्यासारखं वाटलं: "वर्षभर कुणी इचारलं न्हाई पोरगं काय शिकलं, आन् त्या तीन तासात समदं गाव, पोलीस, तहसीलदार त्येच्याकडं बघत बसतेत. भ्येणारच की त्ये."

बदल्यांवर तर एक स्वतंत्र पुराण होईल. २०१७ पासून त्या संगणकावर गेल्या. पती-पत्नीच्या शाळांत तीस किलोमीटरहून जास्त अंतर असलं तर जवळ यायला प्राधान्य. तेव्हापासून मी या जिल्ह्यात संसाराचं अंतर वेगवेगळ्या रस्त्यांनी मोजणारी कितीतरी जोडपी बघितली आहेत. पाणंदीनं गेलं तर अठ्ठावीस भरतात, घाटानं गेलं तर एकतीस. घाटानंच जाणं होतं, असं लेखी देतात.

त्यात मोठ्या माणसांना साक्षर करायचं कामही मास्तरांकडंच. 'उल्लास' नावाचा कार्यक्रम आहे. मॅडम एका आज्जीकडं गेल्या. नाव लिहिता येतं का? न्हाई. शिकणार का? आज्जीनं विचारलं, "दिस किती?" मग म्हणाली, "हिकडं बस. माझी सून गेलीय उसाला, तिची तीन लेकरं माझ्यापाशी हायेत. थोरलं तुझ्याच शाळंत येतं, त्येला आधी शिकीव. मला मुकादमाचा हिशोब तोंडपाठ हाय, त्यानं एकदा साताशे रुपये जास्ती लावले तवा म्या धरला व्हता." मॅडमनी नाव यादीत लिहून घेतलं आणि अंगठा घेतला.

तर दसऱ्याच्या आधीचा आठवडा मॅडमचा घराघरांतून फिरण्यात जातो. "लेकराला ठेवून जा, जेवायची सोय आहे, मी बघते." यात गंमत काही नाही. एक बाई म्हणते, "म्याडम, हिला ठिवलं तर तान्ह्याला फडात कोण संभाळंल?" दुसरी म्हणते, "पोरगी शानी झाली आता. म्हातारीच्या भरवशावर कशी ठिवू?" आणि मग ती पोरगी सातवीनंतर शाळेत दिसत नाही, दिसते ती थेट दुसऱ्या गावी, कपाळभर कुंकू लावून. तिला किती शब्द वाचता येत होते याची नोंद पोर्टलवर आहे. कधी कुणी ठेवतंही लेकराला. मागच्या दसऱ्याला दोन घरांनी ठेवली. त्या दिवशी मॅडमनी घरी येऊन लिंक भरली नाही, मीही आठवण केली नाही. रात्री नऊला ग्रुपवर आमच्या शाळेचं नाव लाल अक्षरांत झळकलं.

एप्रिलमध्ये राज्यभर परीक्षा एकाच वेळापत्रकानं घ्यायचा निर्णय झाला तेव्हा शहरातल्या पालकांनी उन्हाचं कारण काढून तक्रार केली. आमच्या मॅडमना उलट बरं वाटलं. पट्टे पडलेले असतात, टोळ्या परत आलेल्या असतात, आणि वर्षात पहिल्यांदा वर्ग भरतो तो परीक्षेला. मग मेच्या पहिल्या तारखेला निकाल, आणि त्याआधी वर्णनात्मक नोंदी. प्रत्येक मुलाची विशेष प्रगती, आवड-छंद आणि 'सुधारणा आवश्यक' असे तीन रकाने. या नोंदींची तयार यादी व्हॉट्सॲपवर फिरते. मी ती वाचतो आणि मॅडम निवडून लिहितात. 'सुविचार संग्रह करतो', 'परिपाठात उत्साहाने भाग घेतो', 'कविता तालासुरात म्हणतो'.

त्या उसाचा प्रश्न विचारणाऱ्या पोराची पाळी आली. विशेष प्रगतीत काय लिहावं? बैलगाडी मागं घेता येते, हे यादीत नव्हतं. कानडीत भांडता येतं, नव्हतं. लहान बहिणीला न्हाऊमाखू घालून दुपारचं कालवण करतो, तेही नव्हतं. शेवटी 'परिसराची चांगली जाण आहे' यावर आम्ही दोघं थांबलो. 'सुधारणा आवश्यक'मध्ये 'उपस्थिती नियमित असावी' हे छापील वाक्य टाकलं. ते निम्म्या वर्गाला टाकलं होतं. राहिला छंदाचा रकाना. मी यादी वाचत गेलो: चित्रे रंगविणे, क्रिकेट, तिकिटे जमविणे, प्रवास करणे...

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "प्रवास घ्या."